आतड्यातली पेप्टाइडं आणि इन्सुलिन: कोल्हापुरात कल्चरमधल्या पेशींवर पहिला प्रयोग उभा करताना

जेवण पोटात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या विखुरलेल्या काही पेशी रक्तात छोटी पेप्टाइडं सोडतात आणि स्वादुपिंडाला त्याची चाहूल लागते. तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर जितकं इन्सुलिन सुटतं, त्यापेक्षा तोंडावाटे दिल्यावर कितीतरी जास्त सुटतं, हे १९६४ मध्ये मोजून दाखवलं गेलं. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड ही मधुमेहावरची औषधं याच वाटेवरून पुढे आली. ही वाट पेशींच्या पातळीवर कशी चालते ते ताटलीतल्या पेशींवर पाहता येतं, आणि त्यासाठी मोठ्या शहरातच जावं लागतं असं नाही. शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी किंवा प्राणिशास्त्रात, नाहीतर कसबा बावड्याकडे वैद्यकीय संशोधनात तुम्ही नुकतेच दाखल झाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

शोधनिबंधात ही पद्धत चार ओळींत उरकलेली असते. त्या चार ओळींमागची कामं मी इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्या पायऱ्यांना सारखी जागा दिलेली नाही. जिथे नवीन माणूस हमखास अडतो, तिथे मी जास्त थांबले आहे.

## १. आधी नेमकं काय विचारायचं ते ठरवा

पहिल्या प्रयोगासाठी आतड्यातल्या या पेप्टाइडांपैकी जीएलपी-१ हे घ्या. त्याची कार्यपद्धती सगळ्यात नीट समजलेली आहे. शिवाय त्याची अमिनो आम्लांची साखळी माणूस, उंदीर (माउस) आणि घूस (रॅट) यांच्यात एकसारखी असल्यामुळे कोणत्या प्राण्याचं पेप्टाइड कोणत्या पेशीवर टाकायचं, हा गोंधळ सुरुवातीलाच टळतो.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच्या, म्हणजे बीटा पेशीच्या, पृष्ठभागावर जीएलपी-१ चा रिसेप्टर असतो. पेप्टाइड तिथे बसलं की आत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, त्यातून प्रोटीन कायनेज-ए आणि ईपॅक-२ हे दोन मार्ग जागे होतात, आणि कॅल्शियम आत आल्यावर इन्सुलिनच्या ज्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पेशीच्या कडेला येऊन रिकाम्या होतात, त्यांची संख्या वाढते. यात महत्त्वाचा शब्द ‘वाढते’ हा आहे. सुरुवात ग्लुकोजने करून द्यायची असते. ग्लुकोज जळतं, एटीपी वाढतं, पोटॅशियमचे एटीपी-संवेदी मार्ग बंद होतात, पटलावरचा विद्युतभार बदलतो आणि कॅल्शियम आत शिरतं. पाटात पाणी असेल तरच दार जास्त उघडण्याला अर्थ आहे, तसंच हे आहे. ग्लुकोज कमी असताना जीएलपी-१ चा परिणाम जवळजवळ दिसत नाही, आणि म्हणूनच या पेप्टाइडवर आधारलेल्या औषधांनी एकट्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची भीती कमी असते.

यातून एक नियम निघतो, आणि पुढचा सगळा लेख त्याच्यावरच उभा आहे: तुमच्या पेशी ग्लुकोजला नीट प्रतिसाद देतात हे स्वतंत्रपणे सिद्ध होईपर्यंत पेप्टाइडची कुपी उघडू नका. महाग पेप्टाइड आणून थेट प्रयोगाला बसणं, काहीच न दिसणं आणि मग पेप्टाइडलाच दोष देणं, हा प्रकार नेहमी पाहायला मिळतो. बहुतेक वेळा दोष पेशींमध्ये असतो.

## २. कोणत्या पेशी घ्यायच्या

- आयएनएस-१ आणि तिच्या उपशाखा (आयएनएस-१ई, ८३२/१३): घुशीच्या इन्सुलिनोमापासून (इन्सुलिन बनवणाऱ्या गाठीपासून) १९९२ मध्ये तयार झालेली ही पेशींची ओळ (सेल लाइन). ग्लुकोजला चांगला प्रतिसाद देते आणि जीएलपी-१ चा रिसेप्टरही तिच्यात आहे. मिळत असेल तर हीच घ्या. मीडियममध्ये ५० मायक्रोमोलर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल लागतं आणि ते दरवेळी ताजं घालावं लागतं, कारण बाटलीत ठेवलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं.
- मिन-६: उंदराच्या बीटा पेशी. प्रतिसाद चांगला, पण पॅसेज (पेशी विभागून नव्या फ्लास्कमध्ये वाढवण्याच्या फेऱ्या) वाढत गेले की ग्लुकोजची जाण हरवते.
- आरआयएन-एम५एफ: वाढवायला सोपी. पण शरीरातल्या नेहमीच्या ग्लुकोज पातळ्यांना ती फारसा प्रतिसाद देत नाही.

नवे विद्यार्थी सगळ्यात जास्त फसतात ते आरआयएन-एम५एफ पाशी. ‘इन्सुलिन तयार करणारी पेशी’ एवढं वाचून ती आणली जाते. ती इन्सुलिन बनवते, पोटॅशियम क्लोराइडला आणि थेट सायक्लिक एएमपी वाढवणाऱ्या फोरस्कोलिनला प्रतिसादही देते. पण तुमचा प्रश्न ग्लुकोजवर अवलंबून असलेल्या परिणामाचा आहे, आणि तिच्यातली ग्लुकोजची वाटच क्षीण आहे. सायक्लिक एएमपी मोजायचं असेल तर ती चालेल, या लेखातल्या प्रयोगाला चालणार नाही.

प्रश्न उलटाही विचारता येतो: आतड्यातल्या पेशी स्वतः जीएलपी-१ कधी सोडतात? त्यासाठी एसटीसी-१, ग्लुटॅग आणि एनसीआय-एच७१६ या वेगळ्या पेशी आहेत. तो स्वतंत्र विषय आहे. पहिल्या वर्षी दोन्ही एकदम अंगावर घेऊ नका.

## ३. कागदपत्रं

हे काम पेशी मागवण्याच्या आधी सुरू करा, कारण समितीच्या बैठका तुमच्या सोयीने होत नाहीत.

- गाइडच्या आणि विभागप्रमुखांच्या सहीचं मागणीपत्र, प्रकल्पाच्या एका पानाच्या सारांशासह.
- पेशी देणाऱ्या संस्थेचा अर्ज आणि मटेरियल ट्रान्सफर अॅग्रीमेंट. त्यावर विद्यार्थ्याची सही चालत नाही, संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची लागते. ती व्यक्ती कोण, हे कुलसचिव कार्यालयात आधीच विचारून ठेवा.
- जनुकीय बदल केलेल्या पेशी असतील तर संस्थात्मक जैवसुरक्षा समितीकडे प्रस्ताव. ८३२/१३ मध्ये मानवी इन्सुलिनचं जनुक घातलेलं आहे, त्यामुळे ती यात येते. नुसती आयएनएस-१ आहे म्हणून सोडून देऊ नका.
- जैववैद्यकीय कचऱ्याची सोय. २०१६ च्या नियमांनुसार कल्चरचा कचरा आधी प्रयोगशाळेतच निर्जंतुक करून मग अधिकृत यंत्रणेकडे द्यायचा असतो. विभागाचं नाव त्या नोंदणीत आहे का, तपासा.

पेशीओळींसाठी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागत नाही. पुढे घुशीच्या स्वादुपिंडातून ताजी आयलेट्स (बीटा पेशी असलेले पेशीपुंज) काढायची ठरली तर मात्र लागते. आत्ता त्याची घाई नको, पण प्रबंधात तो टप्पा येण्याची शक्यता असेल तर अर्ज पहिल्या वर्षीच टाका.

## ४. पेशी कोल्हापूरपर्यंत आणणं

देशातला सगळ्यात विश्वासाचा पर्याय म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशीभांडार. हवी ती ओळ सध्या त्यांच्याकडे आहे का, हे आधी विचारा आणि सोबत पॅसेज क्रमांक, ओळखचाचणी आणि मायकोप्लाझ्मा (डोळ्यांना न दिसणारा जिवाणू) चाचणीची माहितीही लेखी मागा. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडून फ्लास्क उचलून आणणं सोपं वाटतं. पण त्या पेशींचा पॅसेज क्रमांक कुणाला नक्की सांगता येत नसेल, तर त्यांच्यावर तुमची तीन वर्षं उभी करू नका.

फ्लास्क हाताने आणणार असाल तर तो मीडियमने गळ्यापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून, पॅराफिल्मने बंद करून घ्या. अर्धा भरलेला फ्लास्क रस्त्यात हिंदकळतो आणि पेशी सुटतात. एप्रिल-मे महिन्यात तो गाडीच्या डिकीत ठेवू नका, थर्माकोलच्या डब्यात घालून मांडीवर घ्या. प्रयोगशाळेत आल्यावर लगेच पेशी विभागू नका. जास्तीचं मीडियम काढून बाजूला ठेवा, ते नंतर वापरता येतं. पेशींना रात्रभर इन्क्युबेटरमध्ये विसावू द्या.

गोठवलेल्या कुप्या, सीरम किंवा पेप्टाइड कोरड्या बर्फात येणार असेल तर तारीख बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. कोरडा बर्फ तेवढा थांबत नाही. माझा सल्ला असा: गोठवलेला सगळा माल जूनच्या सुरुवातीपर्यंत मागवून घ्या, नाहीतर थेट सप्टेंबर उजाडू द्या. पावसाळ्यात मागवणं भागच असेल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून कुरिअरला होकार द्या. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पाणी ३९ च्या आसपास असेल तर पार्सल पुण्यातच थांबवायला सांगा.

पेशी आल्या की पहिले दोन-तीन पॅसेज प्रयोगासाठी वापरू नका, साठा करण्यासाठी वापरा. ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणारं द्रावक) कुप्या भरा, मिनिटाला साधारण १ अंश या गतीने थंड करा, रात्रभर उणे ८० अंशांत ठेवा आणि मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये हलवा. नायट्रोजनची चिंता आपल्याकडे इतर ठिकाणांपेक्षा कमी आहे. हा दुधाचा जिल्हा आहे, आणि जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा नायट्रोजनच्या भांड्यातच ठेवाव्या लागतात. विभागाचा पुरवठादार वेळेवर येत नसेल तर पशुवैद्यकीय क्षेत्रातल्या माणसाला विचारा, दुसरी वाट सापडू शकते.

## ५. गॅस, वीज आणि पावसाळी बुरशी

गॅस. इन्क्युबेटरला ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारीमुळे हा गॅस इथे वेल्डिंगसाठी आणि फौंड्रीत सहज मिळतो. सिलिंडर भरून देणाऱ्याला पेशींसाठी हवा आहे असं सांगा आणि शुद्धतेचं प्रमाणपत्र मागा. तेलकट किंवा ओलसर गॅस आला तर फिल्टर आणि सेन्सर दोन्ही खराब होतात. एक भरलेला सिलिंडर कायम राखीव ठेवा.

वीज. इन्क्युबेटर आणि उणे ८० अंशांचा फ्रीजर जनरेटरवर आहेत का, ते स्वतः बघा. बटणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर विसंबू नका. वीज गेली तर दार उघडू नका, बंद इन्क्युबेटर बराच वेळ उष्णता धरून ठेवतो. मुख्य प्रयोगाच्या बफरमध्ये हेपेस असतो, त्यामुळे तासाभराच्या प्रयोगात गॅस खंडित झाला तरी सामू लगेच ढळत नाही. तापमान मात्र ढळतं, आणि पुटिका रिकाम्या होण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. अशा दिवशीचा निकाल धरू नका.

बुरशी. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की पुठ्ठ्याचा खोकाही ओला लागतो. असे खोके कल्चरच्या खोलीत ठेवूच नका, बुरशीचे बीजाणू तिथूनच येतात. प्लेटांची पाकिटं खोक्याबाहेर काढून, स्पिरिटने पुसून मगच आत न्या. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी निर्जंतुक डिस्टिल्ड असावं आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बदलावं. एसीचं फिल्टर मे महिन्यातच धुऊन घ्या.

मायकोप्लाझ्मा. बुरशी डोळ्यांना दिसते, हा शत्रू दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि मीडियम गढूळही होत नाही. पेशी वाढत राहतात, पण त्यांचं चयापचय बदलतं आणि स्रावाचे आकडे निरर्थक होतात. नवीन पेशी वेगळ्या ठेवा, पीसीआरने तपासा, आणि नंतरही ठरावीक अंतराने तपासत राहा. संशय आला तर तो साठा वाचवण्याच्या फंदात न पडता टाकून द्या आणि जुनी कुपी उघडा.

## ६. पेप्टाइड मागवताना

ही पायरी सावकाश वाचा. एका चुकीच्या शब्दाने इथे पूर्ण वर्ष जाऊ शकतं.

नेमकं रूप कोणतं? ‘जीएलपी-१’ एवढंच लिहून मागणी करू नका. १ ते ३७ ही पूर्ण लांबीची साखळी इन्सुलिनच्या बाबतीत जवळजवळ निष्क्रिय आहे. तुम्हाला हवं आहे ते ७-३६ अमाइड, ३० अमिनो आम्लांचं. कॅटलॉगमध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात. इतर पेप्टाइडांचेही असेच सापळे आहेत:

- घ्रेलिन: तिसऱ्या सेरिनवर ऑक्टॅनॉइल गट असलेलं हवं. तो गट नसलेलं ‘डेस-असिल’ रूप नेहमीच्या घ्रेलिन रिसेप्टरला जागं करत नाही.
- सीसीके-८: सल्फेट असलेलं घ्या. सल्फेट नसेल तर सीसीके-१ रिसेप्टर त्याला फारशी दाद देत नाही.
- पीवायवाय: १-३६ आणि ३-३६ ही दोन रूपं वेगवेगळे रिसेप्टर पसंत करतात. प्रश्नानुसार निवडा.

वजन खरं किती? कुपीवर १ मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी त्यात पाणी आणि क्षार धरलेले असतात. सोबतच्या विश्लेषणपत्रावर निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण दिलेलं असेल तर तेच वापरा. समजा ते ८० टक्के आहे. मग खरं पेप्टाइड ०.८ मिलिग्रॅम. जीएलपी-१ (७-३६ अमाइड) चा रेणुभार सुमारे ३२९८, म्हणजे ते साधारण २४३ नॅनोमोल भरलं. २४३ मायक्रोलिटर द्रावकात विरघळवलं की १ मिलिमोलर साठा तयार. शुद्धतेचा टक्का वेगळा आणि निव्वळ पेप्टाइडचा टक्का वेगळा. ‘९८ टक्के शुद्ध’ वाचून ही गणना सोडून देऊ नका.

साठवण. कुपी उघडण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि पावसाळ्यात हे फार लवकर होतं. साठ्याचे ५ ते १० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांत ठेवा. एक भाग एकदाच वापरायचा, उरलेला पुन्हा गोठवायचा नाही.

चिकटणं. नॅनोमोलर पातळीवर पेप्टाइड प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून मोठा हिस्सा नाहीसा होऊ शकतो. कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा आणि पातळ करताना बफरमध्ये ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ठेवा. १ मिलिमोलरपासून १० नॅनोमोलरपर्यंत एका उडीत जाऊ नका. आधी शंभरपट, पुन्हा शंभरपट, मग दहापट.

औषधाचं पेन आणून वापरायचं का? राजारामपुरीतल्या मेडिकलमधून पेन आणणं झटपट वाटतं. टाळा. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड यांना चरबीची साखळी जोडलेली असते आणि ती अल्ब्युमिनला धरते. तुमच्या बफरमध्ये बीएसए आहे, म्हणजे मोकळं औषध किती उरलं हे कळणार नाही. शिवाय पेनमध्ये फिनॉलसारखे टिकवणारे पदार्थ असतात.

## ७. बफर

क्रेब्ज-रिंगर बायकार्बोनेट हेपेस बफर, प्रमाणं मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १३५, पोटॅशियम क्लोराइड ३.६, सोडियम बायकार्बोनेट ५, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५, मॅग्नेशियम क्लोराइड ०.५, कॅल्शियम क्लोराइड १.५, हेपेस १०. सामू ७.४, आणि वापरण्याच्या दिवशी ०.१ टक्के बीएसए.

कॅल्शियम सगळ्यात शेवटी, ढवळत असताना थेंबाथेंबाने घाला, नाहीतर गढूळ होतं. गढूळ झालेला बफर गाळून वापरू नका. कॅल्शियम गाळात गेलेलं असतं आणि कॅल्शियमशिवाय स्राव होत नाही. ग्लुकोजची बरणी निर्जल आहे की मोनोहायड्रेट, ते लेबलवर बघा: रेणुभार १८० आणि १९८ असे वेगळे आहेत. बीएसएच्या काही बॅचमध्ये इन्सुलिनचा अंश असतो, म्हणून नुसत्या बफरचा एक नमुना एलायझामध्ये (अँटिबॉडी वापरून इन्सुलिन मोजण्याच्या चाचणीत) जरूर लावा.

## ८. पेशींची ग्लुकोज-परीक्षा

पेप्टाइड अजून फ्रीजरमध्येच आहे. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलमागे २ ते ३ लाख पेशी पेरा आणि तळ साधारण ८० टक्के भरेपर्यंत वाढवा. आयएनएस-१ हळू चिकटतात, पहिल्या दिवशी प्लेट हलवू नका.

प्रयोगाच्या दिवशी:

1. मीडियम काढा, ग्लुकोज नसलेल्या कोमट बफरने दोनदा हलक्या हाताने धुवा. बफर भिंतीवरून सोडा, थेट पेशींवर नको. सीरममध्ये गाईचं इन्सुलिन असतं आणि काही किट त्यालाही ओळखतात, म्हणून ही धुलाई महत्त्वाची.
2. २.८ मिलिमोलर ग्लुकोजच्या बफरमध्ये १ तास उपाशी ठेवा. या पेशी वाढवायच्या आरपीएमआय मीडियममध्ये ग्लुकोज ११.१ मिलिमोलर असतं, म्हणजे पेशी आधीच चेतवलेल्या असतात. त्यांना शांत व्हायला हा वेळ लागतो. अर्ध्या तासाने बफर बदलला तर आणखी चांगलं.
3. आता तीन गट: २.८ मिलिमोलर ग्लुकोज, १६.७ मिलिमोलर ग्लुकोज, आणि २.८ सोबत ३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियम वाढवताना सोडियम तेवढंच कमी करा, नाहीतर क्षारांची एकूण तीव्रता बदलते.
4. ३७ अंशांवर १ तास.
5. प्लेट बर्फावर ठेवून वरचं द्रव घ्या, कमी गतीवर ५ मिनिटं फिरवा, वरचा भाग उणे ८० मध्ये. तळाचे शेवटचे काही मायक्रोलिटर सोडून द्या, त्यात सुटलेल्या पेशी असतात आणि एका पेशीत साठलेलं इन्सुलिन स्रावापेक्षा फार जास्त असतं.

पोटॅशियमला प्रतिसाद आला पण ग्लुकोजला नाही, तर पुटिका ठीक आहेत आणि ग्लुकोजची वाट बिघडली आहे: पॅसेज बघा, मरकॅप्टोइथेनॉल बघा, मायकोप्लाझ्मा बघा. दोन्हीला आला नाही तर आधी बफरमधलं कॅल्शियम तपासा. २.८ वरच स्राव भरपूर असेल तर उपास पुरला नाही किंवा पेशी मरत आहेत. वेगवेगळ्या पॅसेजवर हा प्रतिसाद पुन्हा पुन्हा आला की मगच पुढे जा.

गाइड विचारतील, ‘पेप्टाइडचं काय झालं?’ त्यांना हा आलेख दाखवा. तो प्रबंधात जाणारच आहे, त्यामुळे हे आठवडे फुकट गेलेले नसतात.

## ९. पेप्टाइडचा प्रयोग

एका २४ वेलच्या प्लेटवर आठ गट, प्रत्येकी तीन वेल:

- २.८ ग्लुकोज
- २.८ ग्लुकोज + जीएलपी-१ (१० नॅनोमोलर)
- १६.७ ग्लुकोज
- १६.७ ग्लुकोज + जीएलपी-१
- १६.७ ग्लुकोज + जीएलपी-१ + एक्सेंडिन ९-३९
- १६.७ ग्लुकोज + एक्सेंडिन ९-३९ एकटं
- १६.७ ग्लुकोज + फोरस्कोलिन (१० मायक्रोमोलर)
- २.८ ग्लुकोज + पोटॅशियम क्लोराइड

एक्सेंडिन ९-३९ रिसेप्टर अडवतं. ते १ मायक्रोमोलरपर्यंत वापरा आणि पेप्टाइडच्या १० ते १५ मिनिटं आधी द्या. त्याने परिणाम पुसला गेला तरच तो जीएलपी-१ च्या रिसेप्टरमार्फत झाला असं म्हणता येतं. फोरस्कोलिन रिसेप्टरला वळसा घालून थेट सायक्लिक एएमपी वाढवतं. ते चाललं आणि पेप्टाइड चाललं नाही, तर शंका पेप्टाइडवर किंवा रिसेप्टरवर घ्यायची. फोरस्कोलिन डीएमएसओमध्ये असतं, म्हणून तेवढाच डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये घाला, ०.१ टक्क्याच्या वर नको.

या यादीतला दुसरा गट पुष्कळ जण वेल वाचवण्यासाठी गाळतात. तो गाळू नका. कमी ग्लुकोजवर पेप्टाइड शांत राहतं आणि जास्त ग्लुकोजवर बोलतं, हा फरकच तुमचा निष्कर्ष आहे. तो गट नसेल तर उरतं ते फक्त ‘काहीतरी वाढलं’.

मात्रांचा आलेख (०.१, १, १०, १०० नॅनोमोलर) नंतरच्या प्लेटवर करा. आणि एमटीटी चाचणी पेशींची चयापचय-क्षमता सांगते, स्राव सांगत नाही. ती सोबत करा, कारण मेलेल्या पेशीतून गळालेलं इन्सुलिन आणि सोडलेलं इन्सुलिन एलायझाला वेगळं दिसत नाही. पण तिला मुख्य निकाल म्हणून मांडू नका.

## १०. एलायझा: एका किटमध्ये किती मावतं

किट घुशीच्या इन्सुलिनसाठीचं हवं, मानवी नव्हे. प्रोइन्सुलिनला ते किती ओळखतं, हे पत्रकात वाचा.

९६ वेलपैकी आठ प्रमाणित द्रावणं दुहेरी लावली की १६ गेले. उरले ८०, म्हणजे दुहेरी मोजणीत ४० नमुने. तुमच्या प्लेटचे २४ नमुने झाले की १६ जागा उरतात: आठ पेशीतल्या एकूण इन्सुलिनसाठी (प्रत्येक गटातला एक वेल), आणि आठ दुसऱ्या विरलीकरणासाठी, बफरचा नमुनाही त्यातच. म्हणजे एका पूर्ण प्रयोगाला एक किट. तीन स्वतंत्र प्रयोगांना तीन. अनुदानाच्या अर्जात एकच किट लिहिणारे इथे अडकतात.

आधी दोन-तीन नमुने १० पट, ५० पट आणि १०० पट पातळ करून बघा. स्ट्रिप सुट्या करता येणारं किट घेतलं तर हे थोड्या जागेत होतं. पेशीतलं एकूण इन्सुलिन आम्ल-इथेनॉलने (७५ टक्के इथेनॉल, १.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल) काढतात आणि ते यापेक्षा पुष्कळ जास्त पातळ करावं लागतं. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर चालणारं किट असेल तर आरपीएमआयमधले नमुने थेट लावू नका, त्या मीडियममध्ये बायोटिन असतं.

## ११. आकडे कसे मांडायचे

स्राव नुसत्या नॅनोग्रॅममध्ये देऊ नका, कारण वेलगणिक पेशी कमी-जास्त असतात. समजा वरच्या द्रवात १० नॅनोग्रॅम आणि पेशीत ४९० नॅनोग्रॅम इन्सुलिन सापडलं. एकूण ५००, म्हणजे स्राव २ टक्के. सगळ्या वेलचं प्रथिन मोजून त्यावर भागलेले आकडेही सोबत ठेवा.

सांख्यिकीत एक गोष्ट परीक्षक हमखास पकडतात. एकाच प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग तीनदा मोजलेला आहे. संख्या धरायची ती वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजवर केलेल्या प्रयोगांची. तीन वेलची सरासरी म्हणजे एक आकडा. वहीत प्रत्येक प्रयोगाखाली पॅसेज क्रमांक, सीरमची बॅच, पेप्टाइडचा भाग क्रमांक आणि वीज गेली होती का, हे लिहा.

## १२. दुसरं पेप्टाइड

जीएलपी-१ ची प्लेट स्थिर झाली की जीआयपी हे आतड्यातलंच दुसरं पेप्टाइड घेण्याचा मोह होतो, आणि घ्यावंच. त्याची वाटही सायक्लिक एएमपीचीच आहे, त्यामुळे हीच प्लेट जशीच्या तशी वापरता येते, फक्त एक्सेंडिन ९-३९ चे दोन गट बदलावे लागतात, ते जीआयपीच्या रिसेप्टरला अडवण्यासाठी नाही. इथे मात्र प्राणी बदलला की पेप्टाइडही बदलतं. मानवी जीआयपी उंदीर-घुशीच्या रिसेप्टरवर कमकुवत पडतं, म्हणून आयएनएस-१ साठी घुशीचं जीआयपी मागवा. त्यानंतर सोमॅटोस्टॅटिन घ्या. ते उलट्या दिशेने, सायक्लिक एएमपी कमी करून स्राव दाबतं, आणि त्यासाठी १६.७ ग्लुकोजवरचा स्राव आधी भरपूर असावा लागतो. म्हणजे त्या प्लेटच्या दिवशीही सुरुवात आठव्या पायरीवरच्या ग्लुकोज-परीक्षेपासूनच करायची.